शिलाच्या आवाजातली रिक्षा

डोंगरकड्याच्या आठवडी बाजारात शिला आडेला तोंडावरून ओळखणारे थोडे, पण आवाजावरून ओळखणारा आख्खा बाजार. लसीकरणाची तारीख असो, बियाण्याच्या दुकानातली सवलत असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, रिक्षावरच्या भोंग्यातून येणारा तो खणखणीत, जरा दटावणारा आवाज तिचाच. तांड्यावरच्या घराच्या मागच्या खोलीत चहूबाजूंनी गोधड्या टांगून तिनं रेकॉर्डिंगची जागा केली होती. सामान म्हणाल तर एक जुना लॅपटॉप, एक माईक आणि माईकचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचवणारं लाल डब्यासारखं साउंडकार्ड. चार वर्षं ती त्यावर दुसऱ्यांचंच बोलत आली.

यंदा ती स्वतः ग्रामपंचायतीला उभी राहिली. जागा बाईसाठी राखीव, तेव्हा घरच्यांनी तिला उभं केलं असं गाव धरून चाललं. तसं मुळीच नव्हतं. तिनं आधी अर्ज भरला आणि मग घरी सांगितलं. घरच्यांनी अडवलं नाही, पण प्रचार मात्र आपसूक पुरुषांच्या हातात गेला. आपल्याकडे बाई उभी राहिली की पत्रकावर नवऱ्याचा फोटो मोठा आणि भोंग्यावर आवाज कुणा बाप्याचा, ही रीतच पडली आहे. सासरे पुनमचंद हिंगोलीला जाऊन भीमराज नावाच्या माणसाकडून क्लिप करून घेऊन आले. ‘देविदासभाऊंच्या सौभाग्यवतींना प्रचंड मतांनी विजयी करा.’ आख्ख्या क्लिपमध्ये शिलाचं नाव एकदाही नव्हतं. ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मामा, हे चालणार न्हाई. माझं मी बोलते.”

“बोल की,” सासरे म्हणाले. “पण आज पाचला प्रचार बंद व्हतो. दोनला रिक्षा निघंल. तवर झालं तर तुजं, न्हाईतर भीमराजचं.”

म्हाताऱ्याला एवढं उदार व्हायला काय जात होतं? सकाळपासून लॅपटॉप साउंडकार्डाला ओळख देत नव्हता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

साउंडकार्डावरचा हिरवा दिवा लागत होता, पण लॅपटॉपच्या यादीत त्याचं नाव काही येत नव्हतं. तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. कार्डाची वायर लॅपटॉपच्या या खाचेतून त्या खाचेत घातली. कार्ड चालवणारा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर काढून नव्यानं टाकला, तर मोबाईलच्या नेटवर तो उतरायलाच पाऊण तास गेला. लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकवर बोलून पाहिलं, तेव्हा विहिरीच्या तळातून कुणी हाका मारतंय असं ऐकू आलं. शेवटी तिनं कार्ड विकणाऱ्या शहरातल्या दुकानदाराला फोन लावला.

“दिवा लागतो का?” त्यानं विचारलं.

“लागतो.”

“मग वायर ठीक आहे. कार्ड आतून गेलं. घरातल्या माणसाला पाठवा, त्याला समजावतो.”

“मला समजावा.”

“ताई, हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार.”

तिनं फोन ठेवला. साडेबारा वाजले होते. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता.

दिवा लागतो म्हणजे वायर ठीक. सासरे हेच म्हणाले, नवरा हेच म्हणाला आणि खरं सांगायचं तर सकाळपासून तीही हेच धरून बसली होती. पण घरात दिवे लागलेले बघून विहिरीवर जावं आणि मोटर ढिम्म, असे हेलपाटे तिनं जन्मभर घातले होते. सिंगल फेजवर घरातले दिवे लागतात, पण मोटर फिरायला तिन्ही फेज यावे लागतात. तांड्यावरचं शेंबडं पोरगंही हे सांगेल. मग या एवढ्याशा हिरव्या दिव्याचं इतकं कौतुक काहून, असं तिच्या मनात आलं.

तिनं ब्लेड घेतलं आणि वायर मधोमध सोलली. आत दोनच तारा निघाल्या, एक लाल, एक काळी. मागे उंदरानं कुरतडलेल्या तिच्या जुन्या वायरीत चार होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं. वीज पोचवायला दोन पुरतात, आवाज न्यायच्या दोन या वायरीत नव्हत्याच.

नवरा देविदास अंगणात रिक्षावर भोंगा बांधत होता. तिनं ती वायर त्याच्यासमोर धरली.

“ही माझी न्हाई. कुठून आली?”

देविदासनं मान खाली घातली. “परवा मोबाईल चार्ज कराया तुजी रिक्षात नेली. तिच्या जागी बॅटरी चार्ज करायची ठिवली, रातच्याला पाणी द्याया डोक्याला बांधतो ना, तिची. तोंड तर सारखंच हाय.”

“आन् मी सकाळपासून मरून राहिले इथं,” ती म्हणाली. रिक्षातली आपली वायर तिनं स्वतःच ओढून काढली.

वायर लावली आणि यादीत नाव उमटलं. तिनं दार लावलं, गोधडी ओढली आणि एका दमात बोलली. ‘मी शिला आडे. चार वर्षं तुम्ही माझा आवाज ऐकला, तो दुसऱ्यांच्या कामाचा होता. आज माझ्या कामाचं ऐका. तांड्यावर पाण्याची टाकी बांधून सहा वर्षं झाली, तिच्यात अजून पाणी पडलं नाही. ते मी विचारणार आहे.’

दोनला दहा मिनिटं कमी असताना ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली. सासरे आवाज मऊ करून म्हणाले, “दोनी वाजवू. एकदा तुजी, एकदा भीमराजची. बाप्याच्या आवाजाला वजन असतं.”

तिनं त्यांच्या हातातला पेनड्राइव्ह घेतला, त्यांच्यादेखत भीमराजची क्लिप पुसली आणि आपली भरली.

“त्यात माझं नावच नव्हतं, मामा. मत कोनाला द्यायचं, हे लोकायला कसं कळंल?”

सासऱ्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

देविदास रिक्षात बसला, पण किल्ली फिरवेना. “लोक म्हनतील, बायकोचा भोंगा घेऊन फिरून राहिला.”

“म्हनू द्या,” शिला म्हणाली आणि त्याच्या शेजारी चढून बसली. “तुमी हळू चालवा फकस्त. टाकीचं बराबर ऐकू गेलं पायजे.”