पवायला येतीस काय?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात फोन वाजला तेव्हा मी ड्रॉइंगवर वाकले होते. पलीकडून धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, घरी ये. आत्ती गेली." मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेली?" शालन आत्ती सदान्कदा कुठंतरी निघालेलीच असायची, त्यामुळं दुसरं काही सुचलंच नाही. सकाळचा चहा पिऊन अंगणात बसली होती, तिथंच मान कलली... त्याला आता दोन महिने होत आले. उन्हाळा लागलाय, आणि उचगावच्या आमच्या गल्लीत यंदा बायकांना पोहायला बोलवत दारोदार कुणी फिरलेलं नाही.

आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवरा अपघातात गेला आणि ऐन तारुण्यात ती माहेरी परत आली. मी तेव्हा शाळेत होते. अशी बाई माहेरी आली की गावाला तिचं पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं. ती रडणार, देवदेव करणार, भावजयीच्या हाताखाली राबणार. एका दुपारी आत्तीनं आजीचं जुनं नऊवारी काष्टा घालून नेसलं आणि ती मळ्याच्या वाटेला लागली. कुणीतरी पाहिलं. नवरा गेलेली बाई भर दुपारी एकटी विहिरीकडं निघाली, तर आमच्याकडं त्याचा एकच अर्थ लावतात. आरडाओरडा झाला, माणसं दोर घेऊन धावली, आईनं तर वाटेतच गळा काढला. मी तिचा पदर धरून पळत होते. काठावर पोचून सगळे खाली वाकले, तर काळ्याशार पाण्यावर आत्ती उताणी पडलेली, डोळे मिटून, हातपाय सैल सोडून... एवढी निवांत बाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. कालव्यानं तिनं डोळे उघडले. "काय झालं वं आबा? कोण पडलंय काय?"

"तूच की गं!" आजोबा वरून ओरडले.

"मी पडलो न्हाय," आत्ती म्हणाली. "मी पवतोय."

घरी आल्यावर आबांनी बरीच आदळआपट केली. आत्ती ऐकत ऐकत केस पुसत राहिली, दुसऱ्या दुपारी पुन्हा गेली आणि या वेळी मला घेऊन गेली. पाठीला तोंड झाळून हवाबंद केलेला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, पोटाखाली तिचा तळहात, आणि वर दम, "सोड अंग, पाणी काय खातंय व्हय तुला!" उन्हाळा सरेपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पोरी आणि निम्म्या सुना विहिरीत होत्या. दुपार बायकांची, असा रिवाजच पडला आणि बाप्ये वाटेतूनच मागं फिरू लागले.

एक घर मात्र राहिलं होतं, रझिया भाभींचं. त्यांचे मालक फौंड्रीत कामाला. मी विचारलं तर आत्ती सहज म्हणाली, "त्यांच्यात चालत न्हाय गं. उगंच कशाला अडचणीत टाकायचं?" पुढच्या उन्हाळ्यात भाभी स्वतःच विहिरीवर हजर, ओढणी कमरेला करकचून बांधून. "शालन, आमच्यात चालत न्हाय हे तुला कुणी सांगितलं गं? तोंड हाय न्हवं तुला? इचारायचं हुतंस की!" आणि एवढं बोलून त्यांनी थेट काठावरून सूर मारला. माहेर पंचगंगेच्या काठचं, आमच्या कुणाहीपेक्षा सफाईनं पोहत होत्या! आत्ती पायरीवर बसूनच राहिली. जिला गावानं न विचारता मरायला निघालेली ठरवलं, तिनंच दुसरीला न विचारता घरात बसवलं होतं. मोठी माणसं अशा वेळी विषय बदलतात. आत्तीनं भाभी वर येताच सगळ्यांदेखत स्वतःचे कान धरले. मला ती काठावरून जेवढी उंच दिसली, तेवढी पुन्हा कधी दिसली नाही.

तेव्हापासून पाडवा झाला की ती घरोघर विचारत फिरायची. वरची आळी, बौद्ध वस्ती, नवे भाडेकरू, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, कुणाला वगळायची नाही. कुणी हसायचं, कुणी दार लावून घ्यायचं. "ठरवायचं त्यांनी. आपण इचारायचं," एवढंच तिचं म्हणणं. माझी दहावी झाली तेव्हा पोरीच्या जातीला डी.एड. बरं, असं घरानं ठरवून टाकलं होतं. "तुला काय पायजे?" हे विचारणारी ती एकटीच, आणि मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण तोवर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाचं नाव काढताच आबा म्हणाले, "पोरगी आणि कारखान्यात?" आत्ती म्हणाली, "विहिरीच्या येळंला बी असंच म्हणालता की!"

आमच्या घरात एकच माणूस पाण्यात कधी उतरलं नाही, ते म्हणजे आई. आई भित्री, हे आम्ही पोरंसोरंही धरून चाललो होतो. तरी दर उन्हाळ्यात आत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. "वैनी, येताय काय पवायला?" आई म्हणायची, "न्हाय वं वन्सं." आत्ती "बरं" म्हणून निघायची. ना आग्रह, ना चेष्टा. एकदा मी वैतागून म्हटलं, "उत्तर ठाऊक असताना कशाला विचारतीस?" तर म्हणाली, "गेल्या सालचं उत्तर ठाव हाय. यंदाचं कुठं ठाव हाय?" माणसावर इतका विश्वास ठेवायला कुठून शिकली असेल ती?

परवा रविवारी आई मागच्या खोलीत आत्तीच्या खुंटीवरचा पोहायचा डबा पुसत होती. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "यंदा कोण इचारायला आलंच न्हाय."

मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आई, पवायला येतीस काय?"

आईनं डबा खुंटीवरून काढला, दोर ओढून बघितला आणि माझ्या हातात दिला.

"दोर नवा बांध," ती म्हणाली. "ह्यो कुजलाय."