पट्टीत जागा न्हाय

राजारामपुरीत आजही माझ्या पुऱ्या नावानं विचारलंत तर कुणी घर दाखवणार नाही. ‘रॉकेल’ कुठं राहतो म्हणून विचारा, पानपट्टीवाला दुकान सोडून दारापर्यंत आणून सोडील. हे मी कौतुकानं सांगत नाही. माणसाचं नाव जातं म्हणजे नेमकं काय होतं, ते मला विचारा.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्यांनी स्वतःचं चॅनेल काढलं होतं. सकाळी भक्तिगीतं, दुपारी जुना सिनेमा, मध्ये गावातल्या जाहिराती. मी त्यांच्या मागं लागलो, की रविवारी संध्याकाळी मला अर्धा तास द्या, इंग्रजी रॉक गाण्यांचे व्हिडिओ लावतो आणि मध्ये मध्ये बोलतो. ते म्हणाले, “कोल्हापुरात हे बघणार कोण?” म्हटलं, “मी बघतोय की.” “मग लाव.” संपली मुलाखत.

गाणी गोव्यातनं यायची. पणजीत मित्राच्या मामाच्या गच्चीवर भली मोठी डिश होती, मामा परदेशी चॅनेलवरची गाणी टेप करून ठेवायचा. महिन्यातनं एकदा एसटीनं जाऊन मी कॅसेटी घेऊन यायचो. गाणी इंग्रजी, बोलणं मात्र माझं गल्लीतलं. “आता जे गडी येणार हायेत त्यांची केसं बघून घाबरू नका, गिटार लई भारी वाजवत्यात.” असलं काहीबाही. तेव्हा वाटायचं, आता मुंबई काय फार लांब नाही.

माझ्या वडलांचं, अप्पांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे आम्ही गडहिंग्लजचे, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आई, म्हणजे आमची अव्वा, शाळेची पायरी कधी चढली नव्हती. अप्पा चौथी शिकलेले, पण अक्षर असं, की गल्लीतली माणसं अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडं यायची. रॉक म्हणजे काय ते दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगं टीव्हीवर येणार, एवढं कळलं होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं. मला कातड्याचं काळं जाकीट पाहिजे होतं. अप्पांनी रिक्षाच्या सीटचं रेग्झिन आणलं आणि दुरुस्तीला आलेल्या एका दणकट मशीनवर तीन दिवस बसून जाकीट शिवलं. हात हलवला की ते करकरायचं, आणि ती करकर माईकमधून घराघरात ऐकू जायची.

पहिल्या रविवारी मी निघालो तेव्हा त्यांनी जाकिटाबरोबर एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्यांच्या त्या अक्षरात माझं नाव.

“शेवटाला नावं येत्यात न्हवं, त्यात लावाय सांग,” म्हणाले. “पुरं लाव. मधलं बी.”

मधलं म्हणजे त्यांचं.

चिठ्ठी मी खिशात घातली आणि दिली नाही. खरं सांगतो, लाज वाटली. गावच्या देवावरनं ठेवलेलं बापाचं नाव, त्यापुढं आमचं ते आडनाव, आणि वर केस वाढवलेले गिटारवाले. मला वाटलं, लोक हसतील. बापाच्या नावाची लाज वाटणारा मी एकटाच नसेन, पण मी होतो तो होतोच.

लोक हसायचे ते हसलेच. चॅनेलवरची अक्षरं, म्हणजे टायटलं आणि खालनं सरकणाऱ्या पट्ट्या, एक लग्नपत्रिका छापणारे गृहस्थ करून द्यायचे. त्यांना मी कागदावर कार्यक्रमाचं नाव लिहून दिलं होतं : ‘रॉक अड्डा’. रविवारी संध्याकाळी सगळ्या राजारामपुरीत झळकलं : ‘रॉकेल अड्डा’. मी पळत गेलो. ते शांतपणे म्हणाले, “तू अर्धवट लिवलं हुतंस, मी पुरं केलं.” चौदा वर्षांत एवढ्या पत्रिका छापल्या, एक चूक न्हाय, हे वर ऐकवलं.

तेव्हा रॉकेल रेशनवर. दुसऱ्या दिवशी केबलच्या ऑफिसात बायका डबे घेऊन हजर. एक आजी माझ्यावर तापल्या होत्या. “अर्धा तास बघत बसले रं बाबा, कुठल्या दुकानात आलंय ते काय तू सांगितलं न्हाईस.” काय सांगू त्यांना? मालक पोट धरून हसले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी बदलू. पण त्या आठवड्यातच एक स्टोव्हचे व्यापारी आले. कार्यक्रमाचं नाव त्यांना फार आवडलं होतं, जाहिरात देतो म्हणाले, फक्त नाव हेच ठेवा. संपलं. कार्यक्रम सहा वर्षं चालला आणि मी ‘रॉकेल अड्डा’चा रॉकेल झालो. कॉलेजची पोरं हाक मारायची, रिक्षावाले मारायचे. मुलगी बघायला गेलतो तिथं पोरीचा मामा चहा पिता पिता म्हणाला, “अरे, हा तर आपला रॉकेल.” तिथला विषय चहाबरोबरच संपला.

अप्पा मात्र दर रविवारी दुकान अर्धा तास बंद करून टीव्हीसमोर बसायचे. गाणी चालू असली की डोळे मिटून घ्यायचे. शेवटाला नावं लागली की चष्मा चढवून अव्वासाठी एकेक नाव मोठ्यानं वाचायचे. कॅमेरावाल्याचं, टायटलवाल्याचं, स्टोव्हवाल्याचं. मग मी घरी आलो की एकच वाक्य.

“तुझं न्हाय आलं.”

“पट्टीत जागा पुरत न्हाय, अप्पा.”

“बारीक अक्षरात बसवाय सांग की.”

“सांगतो.”

दोन-तीन वर्षांनी त्यांनी विचारायचं सोडलं. वाचायचं नाही सोडलं.

मुंबईला मी कॅसेटी पाठवल्या, उत्तर कधी आलं नाही. हळूहळू घराघरात मोठी चॅनेलं दिसायला लागली, चोवीस तास गाणी, आणि माझा अर्धा तास कुणाला नकोसा झाला. तोवर माझी अक्कल ठिकाणावर आली होती. पण आता नाव लावायचं म्हटलं तर दुसरीच अडचण. आधी वाटायचं, अप्पांचं नाव कार्यक्रमाला शोभत नाही. आता वाटायला लागलं, ‘रॉकेल’च्या खाली अप्पांचं नाव लावू तरी कसं? आज उद्या करत वर्षं गेली.

शेवटी मालकांनी सांगितलं, चॅनेल बाहेरच्या मोठ्या कंपनीला देऊन टाकतोय, येत्या रविवारी तुझा शेवटचा कार्यक्रम. मी म्हटलं, एक काम करा. शेवटाला माझं पुरं नाव लावा, एकट्याचं, मोठ्या अक्षरात. ते हो म्हणाले. घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, “ह्या रविवारी नक्की.” रविवारी त्यांनी दुपारीच दाढी केली, पांढरा सदरा घातला, शेजारच्या दोघांना बोलावून आणलं.

आणि कंपनीवाल्यांनी ठरल्याच्या दोन दिवस आधी, त्याच दुपारी वायरी जोडल्या. पाच वाजता आमच्या चॅनेलच्या जागी नुसता निळा पडदा. अप्पा अर्धा तास त्या निळ्या पडद्यासमोर बसले. शेजारी उठून गेले तरी बसले. मग टीव्ही बंद केला, दुकान उघडलं आणि एका मशीनला तेल घालत बसले. मी त्यांच्यासमोर जायला पाहिजे होतं. नाही गेलो. ती संध्याकाळ मला अजून गिळता येत नाही.

नव्या कंपनीनं पुढं स्थानिक चॅनेल काढलं आणि मला ठेवून घेतलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायच्या, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर माईक घेऊन उभं राहायचं. गुलालानं रेग्झिनच्या जाकिटाच्या शिवणी गुलाबी झाल्या त्या तशाच राहिल्या. मग बोलणं पण गेलं, नुसत्या पट्ट्या राहिल्या. शुभेच्छा आणि निधन, मी आणि ते टायटलवाले, एका टेबलावर. हेच माझं करिअर.

अप्पा गेले ते सकाळी, दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. माती देऊन आम्ही घरी आलो. टीव्ही चालू होता, कुणीतरी लावला होता. खालनं पट्टी सरकत आली. अप्पांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, पुरं, एका मात्रेची चूक नाही. आणि त्यापुढं : ‘(रॉकेल यांचे वडील) यांचे दुःखद निधन’.

मी तसाच ऑफिसात गेलो. भांडायलाच गेलतो. टायटलवाले उठून उभे राहिले. म्हणाले, “नुसतं त्यांचं नाव टाकलं तर लोकांनी वळखायचं कसं? तुझं नाव टाकावं तर...” कागद पुढं ओढला. “तुझं पुरं नाव काय रे?”

इतकी वर्षं एका टेबलावर आम्ही डबा खाल्ला होता. मला राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. म्हटलं, “ऱ्हाऊ द्या.” आणि परत आलो.

घरात बायका बसल्या होत्या. अव्वा टीव्हीकडं बघत होती. ती सरकणारी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, आणि वाचून दाखवणारा माणूस सकाळीच गेला होता.

“आलं काय रे नाव?” तिनं विचारलं.

“आलं, अव्वा. पुरं आलं.”

“आणि तुझं?”

माझ्या तोंडातनं ते आपोआप गेलं. “पट्टीत जागा पुरली न्हाय.”

तिनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं.

“असू दे,” म्हणाली. “पुढच्या बारीला तरी लावाय सांग.”