बुटाखालची देवी

अमेरिकेत नोव्हाय गावच्या कार कंपनीतली नोकरी सुटल्यावर मी घरात बसून नवऱ्याच्या कानाशी भुणभुण करू लागले. त्यानंच वैतागून मला म्युझियमच्या गाइड ट्रेनिंगला घातलं. पगार शून्य, तरी वर्षभर मी दहावीच्या मुलीसारखा अभ्यास केला. परीक्षा म्हणजे एका चित्रापुढे दहा मिनिटं बोलायचं. चित्रापासून हातभर अंतराच्या आत बोट गेलं की तिथेच नापास, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. साठीला टेकलेली बाई मी. मला पुन्हा कुणीतरी कामाचं माणूस म्हणायला हवं होतं.

माझ्या वाट्याला चित्रातला एक अठराव्या शतकातला इंग्लिश उमराव आला होता. त्या काळी बड्या घरची मुलं वर्ष-दोन वर्षं इटली हिंडायची आणि पडक्या देवळांपुढे स्वतःचं चित्र काढून घ्यायची. आपण नायगारापुढे फोटो काढतो, त्यातलाच प्रकार. हा विशीतला, लाल कोटातला. मागे तुटके खांब, निळे डोंगर. आणि त्याचा बूट खाली पडलेल्या एका संगमरवरी देवीच्या गालावर! तो बूट माझ्या डोळ्यांत सलायचा. घरी तालीम करताना मी प्रिंटवरच्या त्या गालाला बोटं लावून कपाळाला लावायची. आपला पाय कशाला लागला की आपण करतो ना, तसंच, फक्त त्याच्या वतीनं.

"अगं, तिकडे हे कंट्रोल कर हं, प्लीज," नवरा म्हणाला होता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई कागद घेऊन उभ्या होत्या. आठ-दहा श्रोते, त्यांत नवरा. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग एका गोऱ्या आजोबांनी विचारलं, त्यानं पाय तिथे का ठेवलाय? उत्तर पाठ होतं: जुन्या जगावरचा आपला हक्क दाखवायला. मी 'ही देवी' एवढंच म्हणाले आणि हात निघालाच.

"मॅम! स्टेप बॅक!"

गार्डच्या ओरडण्यानं बोटं कॅनव्हासपासून वीतभर अंतरावर थांबली. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

काय करत होतात, बाईंनी शांतपणे विचारलं. मी खरं ते सांगितलं. पाय लागला की आम्ही क्षमा मागतो. हा काही मागणार नाही, म्हणून मी. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कारण समजलं, बाई म्हणाल्या, पण पास करता येणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या.

"जाऊ दे यार, पुन्हा दे टेस्ट," गाडीत नवरा म्हणाला. "नेक्स्ट टाइम हात खिशात ठेव."

मी त्याच्यावर खेकसले. नापास झाल्याचं रडू येत होतंच, पण राग वेगळ्याच गोष्टीचा होता. गार्डला मी सॉरी म्हणाले, बाईंना तीनदा म्हणाले, त्या आजोबांना, अगदी नवऱ्यालासुद्धा म्हणाले. जिच्यासाठी हात पुढे केला, तिला म्हणायचं तेवढं राहून गेलं.