पर्थ किती लांब?

मी जोतिबाशी भांडले आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या लेकीला, स्वातीला, डॉक्टरांनी विमानात बसायची मनाई केली. मग मीच तिच्याकडं ऑस्ट्रेलियात, पर्थला जायचं ठरलं. डिंकाचे लाडू बांधून तयार होते, व्हिसाचा मात्र पत्ता नव्हता. जावई दूर खाणीवर कामाला, महिना महिना घराबाहेर. थोरली नणंद येताजाता ऐकवायची, "एवढ्या लांब लेक दिलीस, आता भोग की."

माघातल्या रविवारी आम्ही खेटे घालतो, म्हणजे कोल्हापुरातून अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जातो. त्या रविवारीही मी निघाले, सोबत आमचे हे. पायथ्याशी पोचलो आणि स्वातीचा फोन आला. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिकेतून एकटीच दवाखान्यात गेलेली, आणि लहानपणी ताप आला की रडायची तशी रडत होती, "आई, तू ये ना." ह्यांनी मोबाइलवर अंतर काढलं. सात हजारांवर किलोमीटर, मधे विमान बदलायचं, आपल्या दारापासून तिच्या दारापर्यंत दीड दिवस. "व्हिसा असता तरी येळंत पोचली न्हसतीस," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. लोक "चांगभलं" म्हणत डोंगर चढत होते. मी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसकण मारली आणि शिखराकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "मी वर येणार न्हाय. आधी माझ्या पोरीजवळ कुणालातरी धाड, मग बघू."

हे घाबरले. "अगं, खेटा मोडू नये."

"मोडला तर मोडला. त्याला गरज असंल तर तो खाली यील."

चढणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. बघू देत.

टपरी चालवणाऱ्या शमीमभाभींनी न मागता चहा पुढं ठेवला. "कुठं हाय पोरगी?" मी पर्थ म्हटलं, तशा त्या ओरडल्याच, "अय्यो, माझी भाची रेश्मा तिथंच हाय की! थांबा, फोन लावतो."

आमच्या कोल्हापूरजवळच्या कळंब्याची ही मुलगी. ना आम्ही तिला कधी पाहिलेलं, ना तिनं आम्हाला. पण लगेच गाडी काढून ती दवाखान्यात गेली. स्वातीच्या फोनवर मला तिचा चेहरा दिसला. स्वातीच्या कपाळावरून हात फिरवत ती म्हणाली, "काकी, काळजी करू नगा. मी हलत न्हाय इथनं." मी टपरीतच हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले आणि डोंगर चढले. देवापुढं उभी राहिले तेव्हा मागायला काही सुचेना.

त्याच दिवशी नात झाली. जावई येईपर्यंत रेश्मानं मायलेकींचं सगळं केलं, गरम जेवणापासून अंघोळीपर्यंत. हे कळल्यावर नणंदेनं नाक मुरडलं. "त्यांच्या हातचं चालतंय व्हय तुला, ऐन बाळंतपणात?"

"देवानं धाडलीया तिला," मी म्हटलं. "त्याला चाललं, तुमचं का अडलंय?"

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, मला वाद घालायचा नाही. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं तेव्हा मी सगळं त्याच्यावर टाकलं, भांडून का होईना, आणि त्यानं ते उचललं. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढच्या खेट्याला पुरणपोळीचा निवद केला. पहिलं ताट शमीमभाभींना दिलं आणि मग डोंगर चढले. निवद आधी देवाला दाखवायचा असतो, असं नणंदेनं नंतर सुनावलंच. असेल. जोतिबाला राग आला असेल तर त्यानं मला सांगावं, मधल्या कुणी सांगायचं कारण नाही.