आईनं सारवलेलं मैदान

आमच्या घरात दोन म्हशी होत्या आणि आम्ही सगळे कोरा चहा प्यायचो. दूध पुण्याला जायचं. ताथवड्याची आमची जमीन म्हणजे नुसता मुरूम. बाजरी गुडघ्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. तेव्हा जे काही होतं ते म्हशींच्या जिवावर. धाकट्या बहिणीला मुदतीचा ताप आला तेव्हा वैद्यांनी तिला रोज पेलाभर दूध द्यायला सांगितलं. आईनं दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या हॉटेलवाल्यानं रतीब कमी भरतो म्हणून माझ्या बाला सगळ्यांसमोर बोल लावला, आणि मग दूध पुन्हा पुरतं पुण्याला जायला लागलं. बहीण गेली. पेलाभर दुधानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. आईही कधी म्हणाली नाही. पण त्यानंतर चहाचा कप हातात घेतला की ती आधी क्षणभर त्यात बघायची.

मी मॅट्रिक झालो तेव्हा दुधाची कावड माझ्या खांद्यावर आली होती. रोज सकाळी चिंचवड स्टेशन गाठायचं, गाडीनं पुण्याला जायचं आणि रतीब घालायचा. मास्तर घरी आले आणि बाला म्हणाले, "पोरगा रोज पुण्याला जातोच आहे, तर कॉलेजात बसू दे." बानं विचार केला आणि म्हणाला, "एका फेरीत दोन कामं व्हत असतील तर बसू द्या." असा मी कॉलेजात गेलो. आमच्या घरात त्याआधी कॉलेज म्हणजे काय हे कोणाला सांगता आलं नसतं. मलाही नाही.

रिकामे कॅन वर्गात नेता येत नव्हते, म्हणून मी ते जिमखान्याच्या शिपायाच्या खोलीत ठेवायचो. त्या खोलीसमोरच बास्केटबॉलचं मैदान होतं. दोन खांब, दोन फळ्या, फळीला लोखंडी कडं आणि कड्याला लोंबणारी जाळी. मला ते बूड फुटलेलं शिंकं वाटलं. वरून टाकायचं आणि खालून सांडायचं, एवढ्यासाठी दहा जण घाम गाळतात याचं पहिल्या दिवशी हसू आलं. आठवडाभरात मी रोज तिथं उभा राहायला लागलो.

आमचा संघ हरायचा. पहिल्या वर्षी सगळे सामने हरला, दुसऱ्या वर्षी एक सोडून सगळे. हरणाऱ्यांच्या मागं का उभा राहतोस, असं वर्गातली मुलं विचारायची. तसं ती माझ्याशी फारशी बोलत नसत, माझ्या सदऱ्याला दुधाचा आंबूस वास यायचा. हरल्यावर आमचे खेळाडू खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायचे. दूध नासून परत आलं की बा असाच बसून कावडीच्या दोऱ्या सोडायचा. मला ती माणसं ओळखीची वाटायची, एवढंच.

खेळाडू सामन्याआधी आपली घड्याळं आणि चष्मे माझ्याकडं द्यायला लागले. मी ते पंच्यात बांधून छातीशी धरायचो. सबंध कॉलेजात माझ्याकडं विश्वासानं काही दिलं जायचं ते तेवढंच. मला त्याचा मोठा अभिमान होता. संघ जिंकला तर जिमखान्याच्या भिंतीवर लागणाऱ्या फोटोत मलाही कडेला उभं करायचं, असं एकदा कप्तान सहज म्हणाला होता. तो विसरला असेल. मी नाही.

हा तिसऱ्या वर्षी कप्तान झाला. उंचीनं बेताचाच, पण पाय असे की उजवीकडं निघाला म्हणेपर्यंत डावीकडं वळलेला असायचा. त्यानं सगळ्या संघालाच तसं गर्रकन वळायला शिकवलं. त्या वर्षी आम्ही एकामागून एक सामने जिंकत गेलो आणि आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचलो. सामना आमच्याच मैदानावर होता.

आमचं मैदान मातीचं. डिसेंबरात ते भुसभुशीत झालं होतं. चेंडू आपटला की धूळ उडायची आणि तो भलतीकडंच जायचा. "सिमेंटचं मैदान असतं तर आपण आत्ताच जिंकलो होतो," कप्तान म्हणाला.

मी म्हणालो, "आमच्याकडं मळणीचं खळं करतात. पाणी मारून, चोपून, वरून शेणानं सारवतात. दगडासारखं होतं. धुळीचा कण उठत नाही."

"मग करा की राव," तो म्हणाला. जिमखान्याच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "धूळ बसली म्हणजे झालं. कसं बसवता ते तुम्ही बघा."

घरी सांगितलं तेव्हा बा हसला. "कालेजात शिकाया घातला, त्यांनी शेणाला लावला व्हय?"

आई हसली नाही. म्हणाली, "खळं म्या करते. तुला न्हाई जमायचं. तुझा हात आता पुस्तकाचा हाय."

आईनं तोवर माझं कॉलेज पाहिलं नव्हतं. सामना रविवारी होता. शनिवारी ती माझ्याबरोबर आली, नवं लुगडं नेसून, आणि बरोबर जुनं गाठोड्यात घेऊन. जवळच्या गवळ्याच्या गोठ्यातून शेण आणलं. आदल्या दोन दिवसांत मी आणि शिपायानं मैदानावर पाणी मारून ते चोपून ठेवलं होतं. आईनं खोलीत जाऊन लुगडं बदललं, कासोटा खोचला आणि एका कोपऱ्यापासून सारवायला बसली. वर्गातून मुलं बाहेर येऊन बघत होती. कोणी तरी म्हणालं, "मावशी, रांगोळी पण काढा." आई मान वर न करता म्हणाली, "आधी जिका, मंग काढते." मुलं हसली, पण त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. दुपारपर्यंत सगळं मैदान सारवून झालं. एका हाताच्या कमानींची रांग, एकही जागा सुटलेली नाही. कप्तानानं तिला वाकून नमस्कार केला. जाताना तिनं मला बजावलं, "उद्यापत्तुर कुणाला पायताण घालून वर जाऊ दिऊ नकोस. खळ्याचा मान असतो."

आमच्याकडं तो रिवाजच आहे. सारवलेल्या खळ्यावर धान्याची रास पडेपर्यंत पायताण चालत नाही. रविवारी सकाळी कप्तान पोरांना घेऊन सरावाला आला. मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि म्हणालो, "आता नाही. सामन्यालाच पाय ठेवायचा."

"अरे, जरा अंदाज तर घेऊ दे."

"खळ्याचा मान असतो," मी म्हणालो.

त्यानं चेंडू काखेत घेतला. मग पोरांना म्हणाला, "चला रे. गावच्या पाटलांचा हुकूम आहे." ते निघून गेले.

मी तिथं दहा मिनिटं त्यांना खेळू दिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. हे मी किती वेळा मनात घोळवलं असेल त्याला गणती नाही.

सामना सुरू झाला तेव्हा मैदान खरोखर सुरेख दिसत होतं. धूळ नाही, चेंडू सरळ उसळतोय. पाच मिनिटं आम्ही पुढं होतो. मग सारवणाचे पोपडे सुटायला लागले. खळ्यावर बैल फिरतात, माणसं अनवाणी चालतात, सगळं सावकाश. रबरी तळाचा बूट जोरात वळला की शेणाचा पातळ थर नखाएवढे तुकडे होऊन निघतो आणि पायाखाली कोंड्यासारखा सरकतो. हे मला माहीत नव्हतं. आईला कुठून माहीत असणार?

समोरचा संघ उंच आणि संथ होता. ते कड्याखाली उभे राहून चेंडू टाकायचे, त्यांना वळायची गरजच नव्हती. आमची मुलं वळली की घसरायची. प्रेक्षकांतून आवाज आले, "बैल आणा रे, मळणी चाललीय." मध्यंतरात मी आणि शिपायानं खराटे घेऊन पोपडे झाडले. झाडलं तेवढं आणखी सुटलं. कुठं गुळगुळीत, कुठं उघडी माती.

उत्तरार्धात कप्तान उजवीकडं निघाला आणि डावीकडं वळला. पाय उघड्या मातीवर अडकून तिथंच राहिला आणि तो फिरला. गुडघ्याचा आवाज मी ऐकला. त्याचं घड्याळ माझ्या पंच्यात टिकटिकत होतं.

त्याला उचलून नेताना मी जवळ गेलो. वेदनेनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं विचारलं, "आई आल्या नाहीत ना आज?"

"नाही. काल गेली."

"बरं झालं," तो म्हणाला.

आम्ही सहा गुणांनी हरलो. मला कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सर फक्त शिपायाला म्हणाले, "उद्या हे सगळं खरडून काढ."

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. "जिकली का तुमची पोरं?"

"जिंकली," मी म्हणालो.

तिनं बाच्या तोंडाकडं बघितलं. त्या दिवशी तिनं माझ्या चहात दूध घातलं. ते मला प्यावं लागलं.

कप्तान पुन्हा खेळला नाही. तो काठी घेऊन कॉलेजात यायचा, दिसला की हसायचा, आणि मी रस्ता बदलायचो. शेवटच्या वर्षीही मी प्रत्येक सामन्याला गेलो. घड्याळं आता दुसऱ्या कोणाकडं दिली जायची. मी चिंचेच्या झाडामागं उभा राहायचो. संघ पुन्हा पहिल्यासारखा हरायला लागला होता, आणि त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्याशिवाय मी निघत नसे. माझ्यासारख्यानं प्रेमानं हात लावला की चांगली गोष्ट बिघडते, असं तेव्हा मला वाटायचं. ते वाटणं पुढं बरीच वर्षं गेलं नाही. नोकरीत कोणी नवं काम विश्वासानं दिलं की पहिल्यांदा हात मागं यायचा.

आईला मी खरं कधीच सांगितलं नाही. गावात लग्नकार्याला बायका जमल्या की ती सांगायची, "ह्याच्या कालेजानं ढाल जिकली ती म्या सारवलेल्या खळ्यावर." मी तिथून उठून जायचो. ती गेली तेव्हाही तिच्या मनात ती ढाल होती.

निकाल लागला त्या दिवशीही सकाळचा रतीब मीच घातला आणि मग कॉलेजात फळ्यावर नंबर बघितला. जिमखान्याच्या भिंतीवर माझा फोटो नाही. माझ्या चार वर्षांत संघानं एकही ढाल जिंकली नाही. मी बी.ए. झालो, दुसऱ्या वर्गात, आमच्या घरातला पहिला.