लाल ठिपक्याचा स्कोप

आमच्या कंपनीत आजवर किती स्कोप बनले असं कुणी विचारलं, तर मला कपाटातलं रजिस्टर काढावं लागेल. स्कोपांपायी काय काय घडलं ते विचारा, त्याला रजिस्टर लागत नाही. लग्नकार्यात एखादी मावशी "तू नक्की काय काम करतेस गं?" म्हणाली, की मी काम सांगायच्या भानगडीत पडत नाही. एखादा किस्सा सांगते. काम समजावायला अर्धा तास लागतो आणि मावशींचं जेवण गार होतं.

तरी थोडक्यात सांगते. ऑसिलोस्कोप म्हणजे तारेतून जाणारी वीज कशी वरखाली होते, ते पडद्यावर लाट काढून दाखवणारं यंत्र. आम्ही त्याला नुसतं स्कोप म्हणतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही डिजिटल स्कोप बनवतो. आम्ही म्हणजे मुख्यतः तिघं. दामले सरांनी कंपनी काढली, डिझाइन त्यांचं. सलीमभाई बोर्डांची जोडणी आणि दुरुस्ती बघतात. शिक्षण दहावी, पण त्यांनी लावलेला टाका मी अजून सुटलेला पाहिला नाही. आणि तिसरी मी, उदगीरहून डिप्लोमा करून आलेली आणि टेस्टिंगला चिकटलेली. सांगवीहून रोज स्कूटीवर येते.

*

माझा इंटरव्ह्यू पाच मिनिटांत झाला. सर टेबलामागे बसले होते, शेजारी स्कोप चालू होता आणि पडद्यावर एक संथ लाट हलत होती. त्यांनी विचारलं, ही काय आहे? मी अभ्यास करून गेले होते. पन्नास हर्ट्झ, साइन वेव्ह, थोडी वाकडी, असं घडाघडा सांगितलं.

"छान. कुठून येतेय?"

मी म्हटलं, सिग्नल जनरेटरमधून येत असणार. सरांनी टेबलाखालचा हात वर काढला. त्यांच्या बोटाखाली स्कोपच्या वायरीचं टोक दाबलेलं होतं. बोट उचललं, लाट गायब. बोट ठेवलं, लाट परत. भिंतीतल्या वायरिंगची वीज माणसाच्या अंगात थोडी थोडी उतरत असते, तीच ती.

"जनरेटर नाही," सर म्हणाले. "मीच आहे तो."

नोकरी मला का मिळाली, ते आजतागायत कळलेलं नाही.

*

चाकणच्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की तुमचा स्कोप थरथरतो, लाट एका जागी उभी राहत नाही. फोनवर सगळं विचारून झालं. शेवटी सलीमभाई आणि मी गेलो. भोसरीपासूनच ट्रॅफिक असं होतं की चाकणला पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली.

तिथले सुपरवायझर भले माणूस. आधी चहा पाजला, मग स्कोपकडे नेलं. लाट खरंच थरथरत होती. स्कोपच्या वायरीला एक छोटी काळी चिमटी असते, ती मशीनच्या अर्थिंगला लावायची. ती लावली नाही तर लाट थरथरणारच. सलीमभाई वायर धरून चिमटी शोधत होते. चिमटी नव्हतीच.

त्यांनी सुपरवायझरना विचारलं, साहेब, इथं एक काळी चिमटी होती, ती कुठंय?

सुपरवायझरांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. तिथं त्या दिवसाचं जॉबकार्ड आमच्या चिमटीत लटकत होतं.

"फार मजबूत आहे हो," ते म्हणाले. "तुमच्याकडे अजून सात-आठ मिळतील का?"

*

आकुर्डीच्या बाजूला एका कॉलेजात आमचा स्कोप होता. दसऱ्यानंतर तिथून फोन आला की दोन नंबरचा चॅनल बंद पडलाय. स्कोप भोसरीत आला तेव्हा पडद्यावरचं पातळ प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. इतका जपलेला! सलीमभाईंनी दोन नंबरच्या सॉकेटमध्ये बॅटरी मारली आणि मला बोलावलं. आत हळदकुंकू होतं आणि तळाशी तांदळाचा एक दाणा, अगदी मधल्या पिनेला टेकून बसलेला.

खंडेनवमीला लॅबच्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती, आणि आमचा स्कोप नवीन म्हणून त्याच्यावर अक्षता जास्त पडल्या होत्या.

सलीमभाईंनी चिमट्यानं दाणा हलकेच काढला आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. पूजेचा आहे, फेकायचा नाही, म्हणाले. पंचाईत पुढेच होती. दुरुस्तीच्या रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण लिहावं लागतं. मी तीन-चार वाक्यं लिहून खोडली. धूळ म्हणावं तर खोटं, पूजा म्हणावं तर प्रिन्सिपॉल दुखावतील. शेवटी सरांनी पेन घेतलं आणि लिहिलं, "कारण: तांदूळ. उपाय: काढला." रिपोर्टला पुडी जोडून स्कोप परत गेला.

*

आता लाल ठिपक्याचं.

डिजिटल स्कोप सतत बघत नाही, तो फोटो काढतो. एक फोटो काढला की तो पडद्यावर मांडायला त्याला क्षणभर लागतो आणि तेवढ्या वेळात त्याचे डोळे मिटलेले असतात. नेमकं तेव्हाच तारेत काही झालं, तर ते निसटतं. सर वर्षभर त्याच्यावर डोकं फोडत होते. लाट नेहमीच्या हद्दीबाहेर गेली की पडद्यावर लाल ठिपका उमटेल, असा पहारेकरी त्यांनी बोर्डावर बसवला होता. पण स्कोपानं डोळे मिटले की पहारेकरीही झोपायचा, कारण तसा इशारा देणारी एक तार त्याला जोडलेली होती. ती नसली तर खोटे ठिपके येत राहतील, असं सरांना वाटायचं.

नवीन बोर्ड सलीमभाईंनी जोडून दिला. चालू केल्याबरोबर लाल ठिपके यायला लागले. कशाचाच पत्ता नाही आणि ठिपके येतायत. सर वैतागले. चार दिवस त्यांनी शेडमधली एकेक वस्तू बंद केली. ट्यूबलाइट काढल्या, पंखे बंद केले, आमचे मोबाइल डब्यात घालून गेटवर ठेवले. आम्ही घामाघूम आणि ठिपके तसेच.

पाचव्या दिवशी पाणी प्यायला गेले असताना माझ्या लक्षात आलं की पॅसेजमधल्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की नेमके तेव्हाच आतून सर ठिपक्यावर ओरडतायत. मी कूलरपाशी उभी राहिले आणि तो लागला की "लागला" म्हणत गेले. आतून सलीमभाई "आला" म्हणत गेले. सहापैकी सहा वेळा. ठिपके खरे होते. आजवर आमच्या कुठल्याही स्कोपला न दिसलेली गोष्ट हा बोर्ड पकडत होता, आणि का, ते सरांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा सलीमभाई उठले, भिंग घेऊन बोर्डावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "सर, चूक झाली. झोपेची तार मी एक भोक शेजारी लावलीय, पहारेकऱ्याला झोपायचा इशाराच जात नाही. आत्ता काढतो."

सर खुर्चीवरून उठले. "सलीम, हात लावू नकोस तिला."

*

पेटंटचा अर्ज लिहायला शिवाजीनगरहून वकीलबाई आल्या. शोध लावणाऱ्यांच्या रकान्यात सरांनी दोन नावं सांगितली, स्वतःचं आणि सलीमभाईंचं. सलीमभाई म्हणाले, माझं नको, मी काही शोधलेलं नाही. सर ऐकेनात. बाई दोघांची बाजू ऐकून घेत होत्या. मग त्यांनी पेन सरसावून सलीमभाईंनाच विचारलं, यात तुम्ही नेमकं काय केलंत?

"चूक केली, मॅडम."

आणि सरांनी?

"सरांना चार दिवस ती सापडली नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. असं लिहिता येत नाही, म्हणाल्या, आपण अनपेक्षित परिणाम असं लिहू. अर्जावर दोन्ही नावं गेली. त्याची झेरॉक्स सलीमभाईंनी घरी नेली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, भाभी काय म्हणाल्या? तर म्हणाले, ती म्हणते, घरी एवढ्या चुका करता, त्याचा कधी कागद नाही आला.

*

अर्ज दाखल झाल्यावर तो स्कोप आम्ही पहिल्यांदा बाहेर नेला. चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगची लाइन दिवसातून एक-दोनदा आपोआप थांबत होती. लाइनपुढे सेफ्टीचा पडदा असतो. कापडी नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा. त्यात माणसाचा हात गेला की लाइन जागच्या जागी थांबते. दर वेळी कंट्रोलरवर एकच नोंद यायची की पडद्यात काहीतरी गेलं. आणि हे फक्त पहिल्या शिफ्टलाच व्हायचं.

पहिल्या शिफ्टला त्या लाइनवर अंकुश होता, केजकडचा, अकरा वर्षं तिथंच काम केलेला. आराम मिळावा म्हणून हा मुद्दाम हात घालतो, असं मॅनेजरनी ठरवून टाकलं होतं. दोन मेमो मिळाले होते. तिसरा म्हणजे घरी. आम्ही गेलो तेव्हा तो पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मला वाटलं, सवय असेल. शेजारच्या लाइनवरचा माणूस हळूच म्हणाला की दुसरा मेमो मिळाल्यापासून जॉब लावून झाला की तो असाच उभा राहतो.

सरांनी स्कोप पडद्याच्या वायरीला लावला. सकाळी आठपासून आम्ही बसलो. मॅनेजर येऊन-जाऊन होते. अकराच्या सुमारास, ते आमच्याजवळ उभे असतानाच, लाइन थांबली. स्कोपच्या पडद्यावर लाल ठिपका आला आणि त्याच्याखाली लाटेत एक टोक, काट्यासारखं. मॅनेजरनी आधी स्कोपकडे पाहिलं, मग मागे वळून अंकुशच्या हातांकडे. ते पाठीमागेच होते.

भिंतीपलीकडे भंगाराची क्रेन घरघरत होती. ती फक्त पहिल्या शिफ्टला चालायची. सरांनी ती मुद्दाम तीन वेळा चालू करवली, तिन्ही वेळा ठिपका आला. क्रेनची जाड केबल आणि पडद्याची बारीक वायर एकाच नळीतून नेलेली निघाली, क्रेनचा झटका वायरीत उतरत होता. मॅनेजर म्हणाले, केबल वेगळी करून घ्या, आणि निघून गेले. अंकुशला काही बोलले नाहीत. आठवड्याभरानं त्याचे दोन्ही मेमो मागे घेतले, तेही त्याला नोटीस बोर्डावर कळलं.

पुढच्या एका गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो बायकोला घेऊन भोसरीला आला. येताना भाजलेल्या शेंगांची पिशवी आणली होती. जरा घुटमळला, मग सरांना म्हणाला, ते जे सापडलं ना, ते हिला बघायचंय.

सरांनी साठवलेली लाट पडद्यावर लावली. सविता, त्याची बायको, पदर सावरून पुढे झाली. सरांनी बोटानं ते टोक दाखवलं. नखाच्या कडेएवढं होतं.

"हे? एवढुसं?"

सरांनी सांगायचा प्रयत्न केला की सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही ते लहान आहे, म्हणूनच कुणाला दिसत नव्हतं. ती ऐकत नव्हती. ती पडद्याकडेच बघत होती. सहा महिने ह्यांना जेवण गेलं नाही, ती म्हणाली, पोरं घरात दबकून चालायची. अंकुश शेंगांच्या पिशवीची गाठ उगाच सोडत-बांधत होता.

सरांनी स्कोपचं बटण धरलं आणि हळूहळू फिरवायला लागले. ते टोक रुंद होत गेलं, उंच होत गेलं, आणि शेवटी काठापासून काठापर्यंत सगळा पडदा त्यानंच भरला.

"हां," सविता म्हणाली. "आता बराबर हाय. आमच्या घरात एवढंच होतं ते."