पाणी कोणी बनवलं?

माझी मुलगी नॉर्वेहून आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा औषधं जास्त होती. मे महिना होता. रायपूरच्या विमानतळावरून भिलाईला येताना टॅक्सीत बसल्याबसल्या तिने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या तब्येतीचा नव्हता. "बाबा, घरचा फिल्टर कधी साफ केल्ला होता?" मला रागच आला. चौतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काढली, इथल्याच पाण्यावर तिला वाढवली, इंजिनिअर केली, आणि आता तेच पाणी तिच्या चार वर्षांच्या लेकीला चालेना. पण रागाच्या खाली थोडं बरंही वाटलं, हे कबूल करतो. पोरगी माझ्यावर गेली होती.

मी जात्याच संशयी माणूस. नोकरीने त्या स्वभावाला खतपाणी घातलं. भट्टीच्या गॅसला रंग नाही, वास नाही. वाल्व बंद आहे असं कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी आपण स्वतः जाऊन बघायचं, मगच हात घालायचा, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. ज्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवला त्यातल्या एकाला मी बसल्या जागी मान टाकलेला पाहिला आहे. त्यानंतर मी दूधवाल्याचं माप, डॉक्टरची चिठ्ठी आणि बायकोचं 'झालंच आता' यांतलं काहीही तपासल्याशिवाय मानलं नाही. बायकोने हे कसं सहन केलं ते तिलाच ठाऊक.

मुलीने आल्याआल्या नियम सांगितले. पोरीला पाणी उकळलेलं. अन्न गरम गरम शिजवलेलं. फळ आपल्या हाताने धुऊन, आपल्या हाताने सोललेलं. बर्फ नाही, कापून ठेवलेलं टरबूज नाही, कोशिंबीर नाही, दात घासायलाही उकळलेलंच पाणी. जेवणाआधी साबणाने हात. मी तिच्याही एक पाऊल पुढे गेलो. सुपेल्याच्या बाजारात जाऊन बाटलीबंद पाण्याचा खोका आणला, तोही दुकानदारासमोर प्रत्येक बाटली उलटी करून, दाबून, झाकणाखालचं कडं अखंड आहे का ते बघून. दुकानदार म्हणाला, "अंकल, सोना खरीद रहे हो क्या?" मी म्हणालो, "सोना तो नकली भी चलेगा." बायको घरी हसत होती. "बापलेकीनं मिळून आता माह्या हाताचंबी टेस्ट करा," ती म्हणाली. थट्टेनेच म्हणाली होती.

चौथ्या दिवशी आम्ही गोंदियाला निघालो. बायकोच्या भाच्याचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा, गोंदियापासून थोड्या अंतरावरच्या गावात. मी नको म्हणत होतो. बायकोचं माहेर म्हणजे आग्रह, आणि आग्रह म्हणजे बर्फाचा मठ्ठा. पण तिने कधी नव्हे ते तोंड पाडलं, म्हणून गेलो. दुर्गहून गाडी पकडली. खिडकीतून भाजका वारा येत होता. पिशवीत उकळलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या, केळी, अंडी, भाकरी आणि साबण. डोंगरगड आलं, गेलं, फलाटावर भजी ओरडून गेली, मी नातीचा हात सोडला नाही.

मंडपात जे व्हायचं तेच झालं. जो तो पोरीला काहीतरी भरवायला येई आणि मी मध्ये उभा राही. बायकोच्या भावजयीने टरबुजाची फोड पुढे केली, मी तिच्या हातातली ताटलीच बाजूला सारली. ती म्हणाली, "आमी काय जहर देऊन राहिलो का भाऊजी?" बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती नातीला घेऊन आत बायकांत गेली. अर्धा तास. तो अर्धा तास माझ्या नजरेबाहेर होता, आणि मी तो घड्याळात मोजला.

रात्रीच्या गाडीने परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्मृती नगरच्या आमच्या घरी, आधी नातीला आणि पाठोपाठ मुलीला जुलाब लागले. मुलीला उलट्याही. ती अंथरुणातून उठेना. मला आणि बायकोला काही नाही.

माणसाने अशा वेळी पोरीकडे बघावं. मी गुन्हेगार शोधत बसलो. बायकोला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, आत नेऊन काय खाऊ घातलंस?

"मी काई देल्लं नाई."

"मठ्ठा? पन्हं? बर्फ?"

"अवो, काई नाई देल्लं. बांगड्या घातल्या तिले, अन् परत आणलं."

"मग अर्धा तास कावून लागला?"

ती मुलीच्या खोलीत निघून गेली. मला ते कबुलीसारखं वाटलं. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला भुईत सापच दिसत होता.

काम वाटून घेतलं. बायको मुलीकडे, मी नातीकडे. मुलगी पडल्यापडल्या म्हणाली, "बाबा, मेरे बॅग में ओआरएस की पुड़िया है. एक पुडी, पाणी मोजून." मी पुडी काढली. त्यावर सगळं तिकडच्या भाषेत. तारीख होती, पण ती बनवल्याची की संपल्याची कळेना. पाणी अर्धा लिटर की पाव, तेही कळेना. विचारायला गेलो तर तिचा डोळा लागला होता. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं, पाच मिनिटांवर. आपल्याकडची पुडी मिळाली असती, हिंदीत लिहिलेली. पण मला वाटलं, दुकानातली पुडी उन्हात पडलेली असेल, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या हाताने केलेलं बरं. मीठ-साखरेचं पाणी करायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ह्या गरज नसण्यातच सगळं आलं. उन्हाळ्यात भट्टीवर आम्ही मिठाचं पाणी पीत असू. घामाने मीठ जायचं, शर्ट वाळला की पाठीवर पांढऱ्या रेघा उठायच्या. कामाची पाळी सुरू झाली की वीस लिटरच्या कॅनमध्ये लिंबू, साखर आणि मूठभर मीठ टाकायचं काम माझं होतं. सगळे म्हणायचे, हात बसला आहे. तोच हात मी एका लिटरच्या पाण्याच्या जगावर चालवला. मूठ नाही घातली, मी काही वेडा नव्हतो. पण चमचाही घेतला नाही. तळहातावर अंदाजाने घेतलं आणि सोडलं. चाखलं तर मला ते फिकं लागलं.

नातीने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. "आबा, हे नको. साधं पाणी दे." मी म्हणालो, साध्या पाण्याने काय होतंय, ताकद यात आहे. ती रडली. मी तिला लाडावलेली म्हणालो. चमच्याने पाजलं, नाक धरून पाजलं. थोडंसंच पोटात जात होतं, म्हणून मी हिशेब केला की घोट कमी तर घोटात दम जास्त हवा. पुढचा जग मी अजून कडक केला. भट्टीवर कोणाला चक्कर आली की आम्ही हेच करायचो.

दुपारपर्यंत तिचा रडण्याचा सूर बदलला. ओठ कोरडे, जीभ कोरडी, हात लावला तरी चिडायची, आणि मधूनच डोळे वर जायचे. सकाळपासून तिला लघवी झाली नव्हती. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी आणखी संशय घेतो. बाटल्यांचं पाणी नकली असणार. गावात काहीतरी भयंकर पाजलं असणार. मी बायकोला हाक मारली ती मदतीला नाही, तिने एकदाचं खरं सांगावं म्हणून.

ती आली. तिने पोरीकडे पाहिलं, पाण्याच्या जगाकडे पाहिलं आणि ग्लासातलं पाणी तोंडात घेतलं. घेतलं तसं थुंकलं.

"हे काय पाजून राहिले तुमी तिले? हे समुद्राचं पाणी होय!"

"मी रोज—"

"तुमी भट्टीवर होते. ते लेकरू हाय!"

एवढ्या वर्षांत ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. पोरीला उचलून ती दारात गेलीसुद्धा. मुलगी भिंत धरत मागून आली. रिक्षात मी पुढे बसलो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, रक्त पाठवलं, सलाईन लावलं. रिपोर्ट आला तसा तिचा चेहरा कडक झाला. रक्तात मीठ फार वाढलंय, म्हणाली. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं आणि वरून मीठ पोटात आलं. आता ते हळूहळूच खाली आणावं लागेल, घाई केली तर मेंदूला सूज येते. मग तिने आम्हा तिघांकडे बघून विचारलं, "घोल किसने बनाया था?"

मी तोंड उघडलं होतं. ते मी आजही शपथेवर सांगू शकतो. पण त्यातून आवाज निघेपर्यंत बायको बोलून गेली होती.

"मैंने बनाया."

डॉक्टरीण तिला रागावली. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, यापेक्षा कण जास्त नाही. चव आसवांपेक्षा खारट लागली तर फेकून द्यायचं. अंदाजाने करायचंच नाही, पुडी मिळते ना. बायको मान हलवत होती. मुलगी खुर्चीत बसून आईकडे बघत होती. ती नजर मी ओळखत होतो. सकाळी स्वयंपाकघरात ती माझ्या डोळ्यांत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि चोर शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

दोन दिवस त्या खोलीत आम्ही पोरीचं नाव घेत घेत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे नीट उघडले, साधं पाणी मागितलं आणि मिळालं. मी बाहेर पायरीवर जाऊन ढसाढसा रडलो. बायको मागे येऊन उभी राहिली. मी विचारलं, तू असं का सांगितलंस?

"तुमचं तोंड पाह्यलं मी. तुमी तिथंच पडले असते." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् पोरगी इतक्या दुरून येते. तिचा एकातरी मानसावर भरवसा असू द्या."

मी सांगणार होतो. पोरीला घरी आणू दे, मग सांगतो. मुलीला बरं वाटू दे, मग सांगतो. त्या राहिलेल्या दोन आठवड्यांत मुलीने आईला लेकीच्या ताटाजवळ येऊ दिलं नाही. तोंडाने कधी उणं बोलली नाही. फक्त आई वरणाची वाटी घेऊन आली की ती उठून म्हणायची, "दे आई, मैं करती हूँ." आणि मग मला, "बाबा, पाणी तुमी द्या." मी पाणी द्यायचो. बायको मांडीत हात ठेवून नातीचं जेवण लांबून बघायची. इतकं सगळं बघूनही मी गप्प राहिलो, ह्याची मला लाज वाटते.

आता ती पुन्हा यायची आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला. स्पीकरवर होता, बायको समोर वाटाणे सोलत बसली होती. तिकिटं काढली, तारखा सांगितल्या, आणि मग मुलगी म्हणाली, "बाबा, एक प्रॉमिस करा. पोरीचं खाणंपिणं तुमीच पाहाल. आईले बुरा नही लगना चाहिए, पर आईले नोको करू देऊ."

बायकोचे हात थांबले नाहीत. माझ्याने राहवलं नाही.

"बेटा, ते पाणी मी बनवलं होतं," मी म्हणालो. "तुह्या आईनं नाही. मी. अंदाजानं मीठ टाकलं, दुसऱ्या खेपेला अजून टाकलं. ती नाही म्हणत होती, मी नाक धरून पाजलं."

पलीकडे मुलगी हलकेच हसली.

"बाबा, रहने दो. आईले वाचवून राहिले तुमी. मले समजत नाई का?"

"अगं, खरं सांगतो—"

"तुमी तर दुकानातली बाटली उलटी करून पाहता. तुमच्या हातून असं होईल? आईनं स्वतः सांगितलं ना डॉक्टरले, माह्या समोर. छोडो. पाणी तुमीच पाहाल ना? हो म्हना."

मी बायकोकडे पाहिलं. ती वाटाण्यांची परात मांडीवरून खाली ठेवत होती.

"म्हना हो," ती हळूच म्हणाली. "नाई तर येनार नाई ती."

मी हो म्हणालो.